पुस्तकाला वाचक मिळवून देणारी बाई

माझ्या वर्गातील एका मुलीने मला एकदा विचारले, "बाई, पुस्तक चांगले असेल तर त्याची दवंडी कशाला पिटायची? हातच्या कंकणाला आरसा कशाला?" प्रश्न बरोबर होता. मी तिला आपली दुसरी म्हण ऐकवली, की बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही. मुलगी हसली, पण तिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. कारण माती खपविणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. सोने असेल तर ते सोने आहे एवढेच, जितके खरे आहे तितकेच, योग्य माणसाच्या कानी घालणे हे निराळे काम आहे. ते काम एका स्त्रीने तुटपुंज्या भांडवलावर कसे केले, त्यात तिला काय मिळाले आणि तिने काय गमावले, हे आज मी आपणांस सांगणार आहे.

त्या बाईचे नाव सिल्व्हिया बीच. तिचा जन्म 1887 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वडिलांची नेमणूक काही काळ पॅरिस येथील अमेरिकन चर्चमध्ये होती, त्यामुळे कोवळ्या वयातच तिला त्या शहराची ओढ लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती पुन्हा फ्रान्समध्ये आली. तिने शेतावर स्वयंसेविका म्हणून काम केले आणि पुढे रेड क्रॉसबरोबर सर्बियातही काही महिने काढले. वय तिशीच्या पुढे गेलेले, हाती ठराविक उद्योग नाही, गाठी पैसा नाही, अशी तिची स्थिती होती. पॅरिसमध्ये आद्रिएन मोनिए नावाच्या एका तरुण फ्रेंच स्त्रीने 1915 साली स्वतःचे ग्रंथभांडार व वाचनालय थाटले होते. सिल्व्हिया तेथे पुस्तके पाहावयास गेली आणि दोघींची मैत्री जमली. ती आयुष्यभर टिकली.

मैत्रिणीचे दुकान पाहून सिल्व्हियाच्या मनात आले, की आपणही असेच काही करावे. प्रथम तिने न्यू यॉर्कमध्ये फ्रेंच पुस्तकांचे दुकान काढण्याचा विचार केला, परंतु तेथील भाडे परवडण्यासारखे नव्हते. मग तिने बेत उलटा फिरवला. पॅरिसमध्येच इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढले तर काय बिघडले? तिने आईला तार करून पैसे मागितले आणि आईने आपली साठवलेली पुंजी, सुमारे तीन हजार डॉलर, लेकीच्या स्वाधीन केली. पूर्वी जेथे कपडे धुण्याचा धंदा चाले अशा एका लहानशा गाळ्यात नोव्हेंबर 1919 मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे दुकान उघडले. 1921 साली ते ओदेओँ रस्त्यावर, मोनिएच्या दुकानासमोर हलले.

हे दुकान निम्मे विक्रीचे व निम्मे वाचनालयाचे होते. वर्गणी भरून पुस्तके घरी न्यावयाची, अशी ती पद्धत होती. आपल्या बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या वाचनालयांच्या सभासदांना ती नवी वाटणार नाही. वडोदऱ्यास तर सयाजीराव महाराजांनी 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव वाचनालये काढण्याची चळवळच सुरू केली होती. वाचनालय चालविणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळू लागते, ती म्हणजे कोण काय वाचतो. कोणाला प्रवासवर्णन हवे, कोण कविता चाळून परत ठेवतो, कोण दोन दिवसांत कादंबरी संपवून दुसरी मागतो, हे सर्व त्याच्या मनात आणि सभासदांच्या कार्डांवर नोंदले जाते. सिल्व्हियाच्या दुकानातील अशी पुष्कळ कार्डे आजही अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. पुढे तिने जे केले, त्याचे खरे भांडवल आईच्या डॉलरांइतकेच या माहितीचे होते.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. जेम्स जॉइस हा आयरिश लेखक त्या वेळी पॅरिसमध्ये राहत होता. 'युलिसिस' नावाची त्याची मोठी कादंबरी अमेरिकेतील 'लिटल रिव्ह्यू' या मासिकातून 1918 पासून क्रमशः येत होती. त्या मासिकाच्या दोन्ही चालक स्त्रियाच होत्या. कादंबरीतील काही भाग अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला आणि फेब्रुवारी 1921 मध्ये प्रत्येकीला पन्नास डॉलर दंड झाला. परिणाम असा झाला, की अमेरिकेत व इंग्लंडात कोणी प्रकाशक ते पुस्तक घेईना, कोणी मुद्रक ते जुळवावयास धजेना. सात वर्षे खपून लिहिलेले पुस्तक आता कधीच निघणार नाही, अशी निराशा घेऊन जॉइस सिल्व्हियाच्या दुकानात आला. तेव्हा तिने त्याला विचारले, की हे पुस्तक प्रकाशित करण्याचा मान माझ्या दुकानाला द्याल काय? त्याने तत्काळ होकार दिला.

हा होकार मिळाला तेव्हा या बाईने त्यापूर्वी एकही पुस्तक छापलेले नव्हते. छपाईस लागणारा पैसा तिच्याजवळ नव्हता. मोठ्या वृत्तपत्रांत जाहिराती देण्याची ऐपत नव्हती. जे पुस्तक छापावयाचे ते दुर्बोध, अतिशय मोठे आणि न्यायालयात दोषी ठरलेले होते. व्यवहारी माणसाने हात जोडून दूर व्हावे असाच हा मामला होता. मग तिने कोणती युक्ती केली?

दिजाँ या गावी मॉरिस दारांतिएर नावाचा मुद्रक होता. सिल्व्हियाने त्याला सर्व हकीकत प्रांजळपणे सांगितली. पुस्तकावरील खटला सांगितला आणि ग्राहकांचे पैसे येतील तसे तुमचे देणे फेडीन, हेही सांगितले. त्याने ते मान्य केले. मग तिने ठरविले, की फक्त एक हजार प्रती काढावयाच्या आणि त्यांवर क्रमांक घालावयाचे. शंभर प्रती हातकागदावर, लेखकाच्या सहीसह, प्रत्येकी 350 फ्रँक. दीडशे प्रती उंची कागदावर, 250 फ्रँक. उरलेल्या साडेसातशे साध्या कागदावर, 150 फ्रँक. शाळेतल्या मुलांना हा हिशेब घालून पाहावा. पस्तीस हजार, साडेसदतीस हजार आणि एक लाख साडेबारा हजार मिळून 1,85,000 फ्रँक होतात. दुकानदारांना द्यावयाची सूट यातून वजा जाणार. तरीही सर्व प्रती खपल्या तर छपाई भागून लेखकालाही काही मिळेल, अशी ती मांडणी होती. निव्वळ नफ्यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा तिने लेखकाला देऊ केला होता.

यानंतर तिने चार पानांचे एक माहितीपत्रक छापले. पुस्तकाच्या प्रसिद्धीचा सारा धंदा ज्याला शिकावयाचा असेल, त्याने या एका पत्रकाचा विचार करावा. त्यात लेखकाचे छायाचित्र होते. नियतकालिकांत आलेले अभिप्राय होते. कागदाचे प्रकार व किंमती स्पष्ट दिलेल्या होत्या. पुस्तकावर आलेली बंदी तिने लपविली नाही. उलट ती हकीकत पहिल्याच पानावर ठळकपणे घातली आणि पुस्तक लेखकाने लिहिले तसे, एक शब्दही न गाळता निघेल, असे वचन दिले. आणि शेवटी एक मागणीपत्र जोडले होते. वाचकाने नाव, पत्ता व हव्या त्या प्रतीचा प्रकार लिहावयाचा, पैसे मात्र पुस्तक निघाल्याची सूचना आल्यावर भरावयाचे.

जाहिरात आणि प्रसिद्धी यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. जाहिरात म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली जागा. तेथे आपण आपल्याविषयी बोलतो आणि वाचकालाही ते ठाऊक असते. प्रसिद्धी म्हणजे दुसऱ्याने आपण होऊन आपल्या पुस्तकाविषयी बोलणे. ते विकत घेता येत नाही. दुसऱ्याला बोलावेसे वाटेल अशी खरी माहिती त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे, एवढेच प्रसिद्धी करणाऱ्याच्या हाती असते. सिल्व्हियाने तेच केले. पत्रके तिने वाटेल तशी उधळली नाहीत. इंग्लंडातील हॅरिएट शॉ वीव्हर या बाईंनी पूर्वी 'युलिसिस' काढण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्याकडे ज्या वाचकांनी चौकशी केली होती त्यांची नावे त्यांनी सिल्व्हियाकडे पाठविली. दुकानाचे सभासद होतेच. आंद्रे जीद यांनी स्वतः दुकानात येऊन नाव नोंदविले. कवी येट्स यांची मागणी आली. एझ्रा पाउंड आणि तरुण हेमिंग्वे यांनीही नावे दिली. रॉबर्ट मॅकआल्मन हा लेखक मित्र तर रात्रीच्या उपाहारगृहांतून हिंडून ओळखीच्या लोकांच्या सह्या गोळा करून आणी, आणि त्यांतल्या काही इतक्या डळमळीत असत की वाचता वाचता पुरेवाट होई.

सगळेच अनुकूल झाले असे नाही. बर्नार्ड शॉ यांना पत्रक गेले. ते वर्गणीदार होणार नाहीत, अशी जॉइसने सिल्व्हियाशी पैज लावली होती. शॉ यांचे लांबलचक पत्र आले. त्यात पुस्तकाच्या सच्चेपणाची त्यांनी कदर केली होती, पण एवढे पैसे मोजण्यास साफ नकार दिला होता. सिल्व्हिया पैज हरली आणि जॉइसला चिरुटांची पेटी मिळाली. तरीही ते पत्र तिने रागाने फाडले नाही, जपून ठेवले. नकार देणाऱ्यानेही पुस्तकाविषयी विचार केला, हे प्रसिद्धीच्या धंद्यात कमी नसते.

त्यानंतर तिने दुसरे साधन वापरले. 7 डिसेंबर 1921 रोजी, पुस्तक निघण्यापूर्वीच, मोनिएच्या दुकानात फ्रेंच लेखक व्हालेरी लार्बो यांचे 'युलिसिस'वर व्याख्यान झाले आणि काही भागांचे वाचन झाले. त्या चिंचोळ्या जागेत सुमारे अडीचशे माणसे दाटीवाटीने बसली होती. लार्बो हे मान्यवर समीक्षक होते. पुस्तक त्यांना मनापासून आवडले होते, म्हणून ते बोलले. त्यांना कोणी मानधनाने बांधून घेतले नव्हते. विद्वानाचा शब्द आणि भाडोत्री शब्द यांतला फरक श्रोत्यांच्या कानाला लगेच कळतो.

इकडे छपाई मात्र लांबत चालली होती. पुस्तक 1921 च्या शरदऋतूत देण्याचे वचन होते. परंतु जॉइस मुद्रिते तपासावयास घेई आणि समासात नवा मजकूर लिहून परत पाठवी. असे करता करता पुस्तकाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मुद्रितांवरच वाढला. प्रत्येक दुरुस्तीचा खर्च सिल्व्हियाच्या माथी बसत होता. मुद्रकाने तिला सावध केले, पण लेखकाला हवे तसे पुस्तक होऊ द्यावे, हाच तिचा हट्ट. मुखपृष्ठास लेखकाला ग्रीक ध्वजाचा निळा रंग हवा होता, त्यासाठीही दारांतिएरला पुष्कळ खटपट करावी लागली. शेवटी 2 फेब्रुवारी 1922 हा जॉइसचा चाळिसावा वाढदिवस उजाडला. त्या सकाळी दिजाँच्या आगगाडीने फक्त दोन प्रती पॅरिसला आल्या. सिल्व्हिया स्टेशनवर उभी होती. तिने एक प्रत लेखकाच्या हाती दिली आणि दुसरी आपल्या दुकानात मांडली. बातमी फुटली आणि लोकांची रीघ लागली. आमची प्रत कोठे आहे, असे जो तो विचारू लागला. शेवटी ती प्रत तिला उचलून आत ठेवावी लागली.

मार्च 1922 मध्ये लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात सिस्ली हडल्स्टन यांनी परीक्षण लिहिले आणि मागण्यांचा ओघ सुरू झाला. परीक्षणासाठी प्रत योग्य माणसाकडे वेळेवर जाणे किती मोलाचे असते, हे यावरून दिसेल. अमेरिकेत पुस्तकावर बंदी होती, तेव्हा हेमिंग्वेच्या ओळखीच्या एका गृहस्थाने कॅनडातून होडीने रोज थोड्या थोड्या प्रती पलीकडे नेऊन वर्गणीदारांना पोहोचविल्या. नोंदविलेल्या मागणीला दिलेला शब्द पाळावयाचा, हा त्यामागील आग्रह होता. 1930 पर्यंत या लहानशा दुकानातून पुस्तकाची अकरा मुद्रणे निघाली.

आता या कथेची दुसरी बाजू सांगते, कारण ती न सांगितली तर तरुण मुलींची दिशाभूल होईल. सिल्व्हिया बीचने एका पुस्तकाला जगभर वाचक मिळवून दिले, पण स्वतःसाठी काय मिळविले? आरंभी लेखक व तिच्यामध्ये रीतसर करारच नव्हता. जॉइस सढळ हाताने खर्च करी आणि गरज पडली की तिच्या गल्ल्याकडे वळे. 1930 साली करार झाला व त्यात पुस्तकाचे हक्क तिला मिळाले. परंतु लवकरच अमेरिकेतील मोठे प्रकाशक पुढे आले आणि तिचा हक्क लेखकाच्या हिताच्या आड येतो, असे तिला सुचविण्यात आले. तिने वाद न घालता हक्क सोडून दिला. 1932 मध्ये जॉइसने रँडम हाउसशी करार केला, डिसेंबर 1933 मध्ये न्यायमूर्ती वूल्सी यांनी पुस्तक अश्लील नाही असा निर्णय दिला आणि 1934 च्या आरंभी अमेरिकन आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीतून सिल्व्हियाला एक पैसाही मिळाला नाही. त्याच सुमारास मंदी आली, अमेरिकन गिऱ्हाईक पॅरिस सोडून गेले आणि दुकान बंद पडण्याची वेळ आली.

अशा वेळी तिची खरी कमाई दिसून आली. 1936 साली आंद्रे जीद व इतर साहित्यिकांनी मित्रमंडळ स्थापन केले. वार्षिक वर्गणी 200 फ्रँक होती आणि तिच्या बदल्यात सभासदांना दुकानात लेखकांचे वाचन ऐकावयास मिळे. टी. एस. एलियटसारखे कवी तेथे येऊन वाचून गेले. जिने इतरांच्या पुस्तकांची वार्ता जगभर नेली, तिची वार्ता आता इतरांनी नेली. दुकान तगले. पुढे 1941 च्या डिसेंबरात एका जर्मन अधिकाऱ्याने दुकानात मांडलेली 'फिनेगन्स वेक'ची प्रत मागितली. ती शेवटची असल्याने सिल्व्हियाने ती विकण्यास नकार दिला. सारा माल जप्त करू, अशी धमकी देऊन तो गेला. तेव्हा काही तासांत पुस्तके, चित्रे, फळ्या व दिवेसुद्धा वरच्या मजल्यावर नेण्यात आले आणि दारावरील नाव रंगाने पुसून टाकण्यात आले. जप्त करावयास दुकानच उरले नाही. पुढे सहा महिने तिने नजरकैदेत काढले. दुकान पुन्हा उघडले नाही. 1959 साली तिने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि 1962 मध्ये पॅरिसमध्येच तिचा अंत झाला. पॅरिसमध्ये आज त्याच नावाचे जे प्रसिद्ध दुकान आहे ते निराळे. जॉर्ज व्हिटमन यांनी 1951 मध्ये काढलेल्या आपल्या दुकानाला पुढे 1964 साली तिच्या स्मरणार्थ हे नाव दिले.

या हकीकतीवरून आपल्या गावात असा उद्योग करू इच्छिणाऱ्या स्त्रीने काय घ्यावे? आज लेखक पुष्कळ आहेत आणि छपाई पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. मात्र छापलेल्या प्रती घरातील खाटेखाली पडून राहतात, हे दुःख बेळगावच्या कवीला आहे तसे इंदूरच्या कथालेखिकेलाही आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी पुस्तकाची तर पुण्या-मुंबईकडे सहसा कोणी विचारपूस करीत नाही. तेव्हा हे काम आहे आणि ते घरातील एका मेजावरही सुरू होऊ शकते. त्याला भांडवल लागते ते मुख्यतः एका वहीचे. कोणत्या वाचनालयाचे ग्रंथपाल कोण, कोणत्या पत्राच्या रविवार पुरवणीत पुस्तक-परिचय येतो, दिवाळी अंकाचे संपादक मजकूर केव्हा गोळा करू लागतात, कोणत्या शाळेत व महाविद्यालयात मराठीचे शिक्षक वाचनाची आवड लावतात, कोणत्या मंडळात व्याख्यान ठेवता येते, या नोंदी त्या वहीत हव्यात. टपालाच्या जागी आज दूरध्वनीवरील संदेश आला असला तरी वहीचे महत्त्व कमी झालेले नाही. हजार अनोळखी लोकांना धाडलेल्या संदेशापेक्षा ज्यांना ते पुस्तक खरोखर हवे आहे अशा पन्नास माणसांना लिहिलेले पत्र अधिक फळते.

त्याबरोबर तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मोबदला कामाचा घ्यावा, स्तुतीचा घेऊ नये. पत्रक लिहिणे, प्रती धाडणे, सभा भरविणे, यांचे पैसे लेखकाकडून आधी ठरवून घ्यावेत, परंतु परीक्षण चांगलेच येईल असे वचन कधीही देऊ नये. तसे वचन देणारी बाई एकदा फसविते आणि पुढे तिच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. दुसरे, पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय त्याच्याविषयी एक ओळ लिहू नये आणि त्याच्यातील अडचण लपवू नये. पुस्तक कठीण असेल तर कठीण म्हणावे, ज्याला कठीण हवे तो ते आपण होऊन घेतो. तिसरे पथ्य सिल्व्हियाच्या नुकसानीने शिकविलेले आहे. स्नेह कितीही असो, करार पहिल्याच दिवशी कागदावर उतरवावा आणि लेखकाचे पैसे व आपला मोबदला यांची खाती वेगळी ठेवावीत. औदार्य हा गुण खरा, पण ते आपल्या गल्ल्यातून करावयाचे की दुसऱ्याच्या गरजेने आपल्याकडून करवून घ्यावयाचे, याचा विवेक असला पाहिजे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. कंकण हातात असते म्हणून त्याला आरसा लागत नाही. पुस्तक मात्र लेखकाच्या हातात असते आणि त्याचा वाचक दूर कोठेतरी, त्याचे नावही न ऐकता बसलेला असतो. त्या दोघांमध्ये खरे बोलणारे कोणी तरी उभे राहावे लागते. मुलीने थोडा विचार केला व विचारले, "मग बाई, आपल्या शाळेच्या वाचनालयातील कपाटात जी पुस्तके कोणी नेतच नाही, त्यांची पत्रके आम्ही लिहू का?" मी कपाटाची किल्ली तिच्या हाती दिली आणि पहिली अट सांगितली, की आधी वाचावयाचे, मग लिहावयाचे.